मार्च २०११ मध्ये टोकियोत असलेल्या बाळाला थायरॉइडच्या कॅन्सरचा धोका किती?

प्रश्न असा आहे: “२०११ च्या भूकंपाच्या वेळी आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहत होतो. मुलगी अकरा महिन्यांची होती. पावडरचं दूध नळाच्या पाण्यात कालवून द्यायचो. नंतर कळलं की त्याच दिवसांत फुकुशिमाच्या अणुअपघातामुळे पाण्यात किरणोत्सर्गी आयोडीन सापडलं होतं. आता आम्ही पुण्यात आहोत आणि मुलगी यंदा दहावीला आहे. एका परिचितांनी सांगितलं की तिची दरवर्षी थायरॉइडची सोनोग्राफी करत जा. करावी का? तिला कॅन्सरचा धोका खरंच किती आहे? आणि पुढे तिच्या मुलाबाळांना काही होईल का?”

आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. दरवर्षी सोनोग्राफी करू नका. तिला मिळालेला किरणोत्सर्गाचा डोस इतका कमी आहे की त्यातून होणारी धोक्यातली वाढ मोजताही येणार नाही. तिच्या होणाऱ्या मुलांबद्दलची भीती तर मनातून पूर्ण काढून टाका. पण ‘काही होत नाही हो’ एवढं म्हणून मी हा प्रश्न सोडणार नाही. अणुअपघातानंतर लहान मुलांना कॅन्सर झाले आहेत, हजारोंना झाले आहेत. ते कुणाला झाले, कशामुळे झाले हे नीट समजलं, तरच तुमच्या मुलीला का होणार नाही यावर तुमचा विश्वास बसेल.

मी न्यूक्लिअर मेडिसिनची डॉक्टर आहे. थायरॉइडच्या कॅन्सरच्या रुग्णांना किरणोत्सर्गी आयोडीनचे डोस देणं हे माझं नेहमीचं काम, म्हणून या एका मूलद्रव्याशी माझा फार जवळून परिचय आहे.

थायरॉइडला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं. ते साधं आहे की किरणोत्सर्गी, हे तिला ओळखता येत नाही. अणुभट्टी फुटली की आयोडीन-१३१ वायुरूपात बाहेर पडतं, वाऱ्याबरोबर जातं आणि पावसाबरोबर खाली येतं. त्याचं अर्धायुष्य आठ दिवसांचं, म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मं होतं. अडीच-तीन महिन्यांत हजारावा भागही उरत नाही. जे काही नुकसान व्हायचं ते पहिल्या काही आठवड्यांतच होतं, आणि मुलांपर्यंत ते मुख्यतः दुधातून पोचतं. गाय दिवसभरात कितीतरी मोठ्या कुरणावरचं गवत खाते, त्यावर बसलेलं आयोडीन तिच्या दुधात उतरतं, आणि घरात सर्वांत जास्त दूध पिणारं माणूस म्हणजे लहान मूल. मोठ्या माणसाची थायरॉइड वीसेक ग्रॅमची असते, तान्ह्या बाळाची एक-दोन ग्रॅमची. तेवढंच आयोडीन इतक्या छोट्या ग्रंथीत साठलं की तिथला डोस कित्येक पटींनी वाढतो. त्यातून बाळाच्या थायरॉइडमधल्या पेशी अजून झपाट्याने वाढत असतात, त्यामुळे डीएनएला झालेली इजा पुढच्या पेशींत उतरण्याची शक्यताही जास्त.

तेव्हाच्या सोव्हिएत युक्रेनमधल्या चेर्नोबिलला हे सगळं एकत्र आलं. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे चौथी अणुभट्टी फुटली. वसंत ऋतू होता, गाई नुकत्याच कुरणांवर सोडल्या होत्या. जवळच्या प्रिप्यात शहरातून सुमारे ४९ हजार माणसांना दुसऱ्या दिवशी हलवलं, पण सीमेपलीकडे बेलारूसच्या गोमेल प्रांतातल्या खेड्यांना काहीच कळलं नव्हतं. सोव्हिएत सरकारने जाहीर कबुली दिली ती २८ तारखेच्या रात्री, स्वीडनमधल्या अणुकेंद्रात वाढलेला किरणोत्सर्ग पकडला गेल्यानंतर, आणि तीही चार ओळींत. १ मे रोजी कीव्हमध्ये कामगार दिनाचं संचलन झालं, त्यात मुलंही चालली. खेड्यांत घरोघरी एखादी गाय असायची आणि तिचं दूध कोणतीही तपासणी न होता थेट मुलांच्या पोटात जायचं. भरीस भर म्हणजे त्या भागातल्या मातीतच आयोडीन कमी. आयोडीनला भुकेलेली थायरॉइड मिळेल ते आयोडीन अधिक ओढून घेते.

हलवलेल्या लोकांच्या थायरॉइडला सरासरी सुमारे ५०० मिलिग्रे डोस मिळाला. लहान मुलांचा त्याहून बराच जास्त, आणि काही मुलांचा तर अनेक हजार मिलिग्रे. ग्रे म्हणजे अवयवात जिरलेल्या किरणोत्सर्गी ऊर्जेचं माप, मिलिग्रे त्याचा हजारावा भाग. हे आकडे लक्षात ठेवा, तुमच्या मुलीचा आकडा पुढे याच मापात काढून दाखवते.

मुलांमध्ये थायरॉइडचा कॅन्सर अगदी दुर्मीळ, दहा लाख मुलांत वर्षाला साधारण एखाद-दुसऱ्याला होणारा. १९९० पासून बेलारूसची राजधानी मिन्स्क इथल्या डॉक्टरांकडे अशी मुलं एकामागून एक येऊ लागली. काझाकोव्ह, देमिद्चिक आणि अस्ताखोवा या तिघांनी सप्टेंबर १९९२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात पत्र लिहून १३१ मुलांची नोंद जगापुढे ठेवली. अनेक मोठ्या तज्ज्ञांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. इतक्या लवकर कॅन्सर होत नाही, तपासण्या वाढल्या म्हणून जास्त सापडताहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. शंका रास्त होती, पण उत्तर चुकीचं निघालं.

ही शंका ज्या पाहणीने मिटली ती मला या विषयातली सर्वांत सुंदर पाहणी वाटते. जपानी आणि बेलारूसी डॉक्टरांनी गोमेलमधल्या शाळकरी मुलांची सोनोग्राफी केली आणि जन्मतारखेप्रमाणे त्यांचे गट पाडले. अपघातापूर्वीच्या तीनेक वर्षांत जन्मलेल्या ९,७२० मुलांपैकी ३१ जणांना कॅन्सर सापडला. १९८७ ते १९८९ मध्ये, म्हणजे आयोडीन विरून गेल्यावर जन्मलेल्या ९,४७२ मुलांपैकी एकालाही नाही. तोच प्रांत, तीच तपासणी, आणि जमिनीत टिकून राहणारं सीझियम हे दुसरं किरणोत्सर्गी मूलद्रव्य दोन्ही गटांच्या वाट्याला. फरक फक्त त्या काही आठवड्यांच्या दुधाचा आणि हवेचा. २००१ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्यावर वादाला फारशी जागा उरली नाही.

पुढे युक्रेनमधल्या सुमारे १३ हजार मुलांवर नजर ठेवणाऱ्या अभ्यासात धोक्याचं मापही मिळालं. थायरॉइडला एक ग्रे, म्हणजे १,००० मिलिग्रे, डोस मिळालेल्या मुलाचा धोका मूळच्या सुमारे सहापट होतो. २००५ मध्ये आलेल्या बेलारूस-रशियाच्या अभ्यासाने आणखी दोन गोष्टी दाखवल्या: आयोडीनची कमतरता असलेल्या भागात किरणोत्सर्गामुळे येणारा हा धोका सुमारे तिप्पट होता, आणि ज्यांना पोटॅशियम आयोडाइड (थायरॉइड साध्या आयोडीनने आधीच भरून टाकणारं औषध) मिळालं त्यांचा सुमारे एक-तृतीयांश. संयुक्त राष्ट्रांच्या ‘अन्स्कीअर’ या वैज्ञानिक समितीच्या मोजणीनुसार १९९१ ते २०१५ या काळात संपूर्ण बेलारूस, संपूर्ण युक्रेन आणि रशियाच्या चार सर्वाधिक बाधित प्रांतांत, अपघाताच्या वेळी १८ वर्षांखालच्या असलेल्यांमध्ये थायरॉइड कॅन्सरचे १९,२३३ रुग्ण झाले. त्यातला अंदाजे एक-चतुर्थांश वाटा किरणोत्सर्गाचा. बाकीचे वाढतं वय आणि वाढत्या तपासण्या यांमुळे. यातली बहुतेक सगळी मुलं शस्त्रक्रिया आणि किरणोत्सर्गी आयोडीनच्या उपचारांनी बरी झाली. २००५ पर्यंतच्या सहा हजारांहून अधिक रुग्णांपैकी मृत्यू पंधरा. पण गळ्यावरचा व्रण आणि जन्मभराची थायरॉक्सिनची (थायरॉइडच्या हार्मोनची) गोळी हेही त्या मुलांच्या वाट्याला आलं, आणि मला याचा आजही संताप येतो. कारण दोन आठवडे दूध बंद ठेवणं कुठल्याही सरकारला जमण्यासारखं होतं. इंग्लंडमध्ये १९५७ साली विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली तेव्हा सुमारे पाचशे चौरस किलोमीटरमधलं दूध गोळा करून ओतून दिलं होतं. म्हणजे १९८६ मध्ये हे ज्ञान नवं नव्हतं. शेजारच्या पोलंडने तर २९ एप्रिलपासूनच आयोडीनचं द्रावण वाटायला सुरुवात केली आणि एक कोटीहून अधिक मुलांपर्यंत ते पोचवलं.

आता तुमच्या मुलीकडे येते.

जपानने २०११ मध्ये दुधावर आणि पाण्यावर लगेच मर्यादा घातली. आयोडीनसाठी दुधाची आणि पाण्याची मर्यादा किलोला ३०० बेकरेल, तान्ह्या बाळांसाठी १००. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन. फुकुशिमातलं दूध बाजारात जाण्यापासून थांबवलं. तुम्ही ऐकलेली बातमी टोकियोच्या कानामाची जलशुद्धीकरण केंद्राची. २२ मार्चच्या नमुन्यात २१० बेकरेल सापडले आणि २३ तारखेला शहरातल्या २३ वॉर्डांत बाळांना नळाचं पाणी देऊ नका असं जाहीर झालं. तुमचा एदोगावा वॉर्ड त्यातच येतो. २४ तारखेच्या नमुन्यात पातळी ७९ वर उतरली आणि सूचना मागे घेतली गेली.

हिशोब करू. एक वर्षाच्या बाळाने पोटात घेतलेल्या प्रत्येक बेकरेलमागे थायरॉइडला सुमारे ३.६ मायक्रोसिव्हर्ट मिळतात. २१० बेकरेलचं लिटरभर पाणी म्हणजे पाऊण मिलिसिव्हर्ट, आणि या किरणांसाठी मिलिसिव्हर्ट आणि मिलिग्रे एकच धरायला हरकत नाही. समजा तुम्हाला बातमी कळलीच नाही आणि पाणी आठवडाभर तसंच राहिलं, जे प्रत्यक्षात राहिलं नव्हतं, तरी पाच मिलिग्रे. श्वासातून आणि भाजीपाल्यातून आलेलं धरून त्याची दुप्पट करते: दहा. मुद्दाम फुगवलेला हा आकडा आहे. युक्रेनच्या अभ्यासातल्या हजार मिलिग्रेपुढे तो शंभरावा भाग. हजाराला धोका सहापट होतो, म्हणजे पाचशे टक्के वाढ. त्याच प्रमाणात दहाला सुमारे पाच टक्के वाढ, आणि तीही मुळातच अगदी लहान असलेल्या धोक्यात.

‘फुकुशिमाच्या मुलांमध्ये कॅन्सर सापडले ना?’ हा प्रश्न यापुढे येणारच. सापडले. त्या प्रांताने ऑक्टोबर २०११ पासून अपघाताच्या वेळी १८ किंवा त्याखालच्या वयाच्या सगळ्यांची सोनोग्राफी सुरू केली. पहिल्या फेरीत सुमारे तीन लाख मुलं तपासली गेली आणि ११६ जणांमध्ये कॅन्सर किंवा त्याची दाट शंका आढळली. नेहमीच्या नोंदींच्या मानाने हे कितीतरी पटींनी जास्त. पण चेर्नोबिलशी ताडून पाहिलं की चित्र जुळत नाही. चेर्नोबिलला सर्वांत जास्त फटका पाच वर्षांखालच्या मुलांना बसला, इथे पहिल्या फेरीत सापडलेले बहुतेक जण पौगंडावस्थेतले, त्या लहानग्यांमधलं कुणी नाही. चेर्नोबिलला चार वर्षं गेल्यावर आकडे चढले, इथे पहिल्याच तपासणीत. जिथे डोस जास्त तिथे कॅन्सर जास्त, असंही त्या फेरीत दिसलं नाही. शिवाय किरणोत्सर्ग न पोचलेल्या आओमोरी, यामानाशी आणि नागासाकीतल्या चार हजारांवर मुलांची तशीच सोनोग्राफी केली, तर बारीक गाठी आणि पाणी भरलेल्या पुटकुळ्यांचं प्रमाण तिथेही तसंच होतं. गोमेलच्या नंतर जन्मलेल्या गटात एकही कॅन्सर कसा नव्हता, असं कुणी चाणाक्ष वाचक विचारेल. ती मुलं तपासणीच्या वेळी आठ ते तेरा वर्षांची होती, फुकुशिमात सापडलेले बरेचसे सतरा-अठराचे, आणि यंत्रं तोवर कितीतरी सूक्ष्म पाहू लागली होती. २०२१ मध्ये ‘अन्स्कीअर’नेही हाच निष्कर्ष दिला: ही वाढ किरणोत्सर्गाची नव्हे, अतिसंवेदनशील तपासणीची.

थायरॉइडमध्ये कॅन्सरच्या अशा बारीक गाठी असतात ज्या आयुष्यभर गप्प राहतात. शोधायला गेलं तरच सापडतात. दक्षिण कोरियात मोठ्या माणसांची अशी सरसकट सोनोग्राफी सुरू झाली तेव्हा १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरचं निदान पंधरा पट झालं. त्याने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. म्हणजे हजारो लोकांचे गळे कापले गेले आणि त्यातून जीव वाचल्याचं काही दिसलं नाही. शस्त्रक्रियेत आवाजाच्या नसेला इजा होऊ शकते, कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी निकामी होऊ शकतात. म्हणूनच २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने सांगितलं की अणुअपघातानंतरही सरसकट थायरॉइड सोनोग्राफी करू नये, आणि लहानपणी १०० ते ५०० मिलिग्रे किंवा त्याहून जास्त डोस मिळालेल्यांना मात्र सगळं समजावून सांगून तपासणीचा पर्याय द्यावा. तुमची मुलगी त्या रेषेच्या आसपासही नाही. तुमच्या परिचितांनी काळजीपोटीच सांगितलं असणार, पण दहावीच्या वर्षात मुलीच्या गळ्यात चार मिलिमीटरची गाठ निघाली, मग सुई टोचली, मग सहा महिन्यांनी परत या, अशा फेऱ्यात अडकलेली घरं मी पाहिली आहेत. तो त्रास खरा असतो.

रक्ताच्या कॅन्सरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी बहुतेक आईवडिलांच्या मनात तो असतोच. हिरोशिमा-नागासाकीच्या मुलांमध्ये तो स्पष्ट वाढला होता, पण तिथे अस्थिमज्जेला एका क्षणात मोठा डोस बसला होता. चेर्नोबिलच्या बाधित भागांत राहणाऱ्या लाखो लोकांना वीस वर्षांत मिळून सरासरी सुमारे ९ मिलिसिव्हर्ट मिळाले, साधारण एका सीटी स्कॅनएवढे, आणि तिथल्या मुलांमध्ये ल्युकेमिया वाढल्याचा पटण्याजोगा पुरावा मिळालेला नाही. याचा अर्थ थोडा डोस म्हणजे शून्य धोका असा मात्र घेऊ नका. सुमारे साडेनऊ लाख मुलं आणि तरुण यांचा सीटी स्कॅनवरचा युरोपीय अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यात एवढ्याशा डोसानेही रक्ताच्या कॅन्सरमध्ये थोडी वाढ दिसली: दहा हजार मुलांचा सीटी केला तर पुढच्या बारा वर्षांत एक-दोन जास्तीचे रुग्ण. गरजेचा सीटी जरूर करा, पण डोकं दुखलं म्हणून ‘करून टाकू एकदा’ असं करू नका. तुमच्या मुलीच्या बाबतीत टोकियोपेक्षा हा सल्ला जास्त उपयोगी आहे.

सीझियमची गोष्ट आयोडीनपेक्षा वेगळी. त्याचं अर्धायुष्य तीस वर्षांचं, ते अजूनही बेलारूसच्या जंगलातल्या अळंब्यांत आणि बेरींत सापडतं. पण ते थायरॉइडमध्ये साठत नाही, शरीरभर पसरतं आणि मुलांच्या शरीरातून काही आठवड्यांत बरंचसं निघून जातं. आपल्या मुंबईनेही याची धास्ती एकदा घेतली होती. युरोपातून मदत म्हणून आलेलं २०० टन आयरिश लोणी चेर्नोबिलच्या धुळीने दूषित आहे म्हणून मुंबईकरांनी कोर्टात धाव घेतली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि तज्ज्ञ समितीच्या अहवालानंतर १९८८ मध्ये ते लोणी खाण्यास योग्य ठरलं. शास्त्र त्या निकालाच्या बाजूचं होतं: आयोडीन तोवर संपलेलं, आणि सीझियम पाण्यात विरघळणारं असल्याने लोणी काढताना बहुतेक ताकाकडे जातं. तरीही त्या नागरिकांनी प्रश्न विचारला हे मला योग्यच वाटतं. मोजमापाचे आकडे मागायचा हक्क प्रत्येक आईबापाला आहे. बेलारूसमध्ये मुलं वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली घरंही मला विचारतात. त्यांना सांगते की थायरॉइडचा धोका १९८६ च्या उन्हाळ्यातच संपला, जंगलातली अळंबी तेवढी खाऊ नका.

आता नातवंडांचा प्रश्न. आईवडिलांना मिळालेल्या किरणोत्सर्गाचे बदल पुढच्या पिढीत उतरतात का, हे थेट तपासलं गेलं आहे. चेर्नोबिलची साफसफाई करणारे कामगार आणि तिथून हलवलेले लोक यांच्या, अपघातानंतर जन्मलेल्या १३० मुलांचा संपूर्ण जनुकसंच वाचून २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष आला: आईवडिलांत नसलेले नवे बदल या मुलांमध्ये नेहमीपेक्षा जास्त नाहीत. त्या आईवडिलांचे डोस तुमच्या मुलीपेक्षा कितीतरी मोठे होते. ही भीती घेऊन जगू नका असं मी इतक्या कळकळीने सांगते त्याला कारण आहे. १९८७ च्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार अपघातानंतर ग्रीसमध्ये सुमारे अडीच हजार हव्या असलेल्या गर्भांचे गर्भपात झाले, आणि तिथला सरासरी डोस एक मिलिसिव्हर्टच्या आसपास होता.

पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्यांबद्दल थोडं, कारण युक्रेनमधलं युद्ध सुरू झाल्यापासून युरोपातले मराठी लोक आणि कधीकधी तारापूरच्या आसपास राहणारे वाचकही विचारतात. गोळी उपयोगी पडते ती किरणोत्सर्गी ढग येण्यापूर्वीच्या २४ तासांत किंवा आल्यावर पहिल्या दोन तासांत, फार तर आठ तासांपर्यंत. एक दिवस उलटून गेल्यावर घेतली तर अपायच जास्त. महिन्याच्या आतल्या बाळाला १६ मिलिग्रॅम, तीन वर्षांपर्यंत ३२, बारापर्यंत ६५, पुढे १३०, आणि तेही प्रशासनाने सांगितल्यावरच. आयोडीनचं मीठ खाऊन तेवढं आयोडीन मिळवायचं तर काही किलो मीठ खावं लागेल, आणि जखमेवर लावायचं टिंक्चर प्यायचं नसतं. गोळी फक्त थायरॉइड वाचवते. त्याहून मोलाचं म्हणजे दारं-खिडक्या लावून घरात थांबणं, आणि ताजं दूध बंद करून आधीपासून घरात असलेली पावडर आणि बाटलीबंद पाणी मुलांना देणं.

तुमच्या मुलीसाठी करायचं ते एवढंच. एरवी कधी बालरोगतज्ज्ञांकडे गेलात तर त्यांना गळा हाताने तपासायला सांगा. गळ्यात गिळताना वर-खाली होणारी गाठ दिसली, मानेतली गाठ काही आठवडे राहिली किंवा आवाज कारणाशिवाय बसला आणि सुधारला नाही, तर सोनोग्राफी जरूर करा. तशीच ती मी टोकियो न पाहिलेल्या मुलीलाही सांगेन. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून कॅन्सर कळत नाही, त्यामुळे त्यासाठी रक्त काढू नका. लहानपणी मानेला किंवा छातीला रेडिओथेरपी झाली असेल, किंवा घरात आनुवंशिक थायरॉइड कॅन्सर असेल, तर मात्र हे उत्तर बाजूला ठेवून थेट तज्ज्ञांना भेटा. आणि तिला एचपीव्हीची लस अजून दिली नसेल तर ती याच महिन्यात सुरू करा. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर आपल्याकडे सहसा तीन डोस देतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका भारतातल्या प्रत्येक मुलीला आहे, आणि तो टाळण्याचं साधन तुमच्या हातात आहे.